मोठं गूढ शब्दकोडं: सोडवायचं कसं आणि फोड लिहायची कशी (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

आम्ही पाचजण दर महिन्याला एक मोठं गूढ शब्दकोडं सोडवतो आणि त्यातल्या प्रत्येक सूत्राची (उत्तराकडे नेणाऱ्या ओळीची) फोड, म्हणजे उत्तर कसं आलं त्याचं स्पष्टीकरण, लिहून काढतो. नवीन माणूस आमच्यात बसला की पहिल्या तासात साधारण हेच प्रश्न येतात. खालची उदाहरणादाखलची मराठी सूत्रं आमच्या वहीतली आहेत. उत्तर वाचण्याआधी जरा थांबून स्वतः डोकं चालवून बघा.

रोजच्या शब्दकोड्यात आणि गूढ शब्दकोड्यात फरक काय?

पेपरातल्या कोड्यात नुसतं 'हात' असं छापलेलं असतं. तुम्ही कर, हस्त, पाणि यांपैकी जो बसेल तो शब्द भरता. गूढ कोड्यात तोच शब्द असा येतो: 'हात सरकारला द्यावाच लागतो (२)'. वाचताना कुणीतरी तक्रार करतंय असं वाटतं. आता 'हात'नंतर वाक्य तोडा. कर म्हणजे हात, आणि सरकारला द्यावाच लागतो तोही कर. उत्तर: कर. कंसातला आकडा म्हणजे उत्तरातली अक्षरं.

बहुतेक सूत्रांचे दोन भाग असतात. एका भागात उत्तराचा सरळ अर्थ असतो, त्याला आम्ही व्याख्या म्हणतो. दुसऱ्या भागात तेच उत्तर अक्षरं जोडून, तोडून किंवा उलटवून मिळवायची कृती असते, तिला कसरत म्हणतो. व्याख्या सूत्राच्या सुरुवातीला किंवा शेवटी असते, मधे कधीच नसते. एवढं एक लक्षात ठेवलंत तरी निम्मी भीती जाते.

हा प्रकार आला कुठून?

शब्दकोडं मूळ अमेरिकेतलं. लिव्हरपूलमध्ये जन्मलेल्या आर्थर विन यांनी २१ डिसेंबर १९१३ला 'न्यूयॉर्क वर्ल्ड'मध्ये हिऱ्याच्या आकाराचं पहिलं कोडं छापलं. त्याला गूढ वळण मात्र इंग्लंडात लागलं. 'ऑब्झर्व्हर'मध्ये १९२६पासून एडवर्ड पॉइस मॅथर्स हे 'टॉर्कमाडा' या टोपणनावाने कोडी रचू लागले. स्पेनमधल्या धर्मन्यायालयाच्या क्रूर प्रमुखाचं नाव त्यांनी मुद्दाम घेतलं होतं. 'द टाइम्स'चं पहिलं कोडं १ फेब्रुवारी १९३०चं, एड्रियन बेल यांनी रचलेलं.

सुरुवातीच्या कोड्यांत रचणाऱ्याच्या मनात येईल ते चालायचं. सोडवणाऱ्याच्या बाजूने नियम बसवले ते पुढच्या पिढीने. 'अफ्रिट' या टोपणनावाने रचणारे ए. एफ. रिची यांनी १९४९मध्ये एक तत्त्व मांडलं. माझ्या शब्दांत ते असं: मी जे बोलतो त्याचा वरवरचा अर्थ खरा असेलच असं नाही, पण मला जे सांगायचंय ते माझ्या वाक्यात असलंच पाहिजे. मग 'झिमेनेस' म्हणजे डी. एस. मॅकनट यांनी १९६६मध्ये पुस्तक लिहून ते नियम पक्के केले. आजही सूत्र न्याय्य आहे की नाही यावर वाद झाला की झिमेनेसचं नाव निघतं.

इंग्रजीतलं एक जुनं, कुणाचं ते आता कुणी विचारत नाही इतकं मुरलेलं सूत्र सांगते. त्यात नुसती अक्षरं आहेत: एच, आय, जे, के, एल, एम, एन, ओ. उत्तर वॉटर. का? कारण 'एच टू ओ', म्हणजे एचपासून ओपर्यंत. पहिल्यांदा हे समजलं तेव्हा मी खुर्चीतून उठून घरात एक फेरी मारून आले होते.

भारतात 'द हिंदू'चं कोडं १९७१पासून येतं, आणि त्याचे पहिले रचनाकार होते निवृत्त अ‍ॅडमिरल रामदास कटारी, नौदलाचे पहिले भारतीय प्रमुख.

'मोठं' म्हणजे किती मोठं?

इंग्रजीत रोजचं कोडं १५ बाय १५, म्हणजे २२५ घरांचं. 'द टाइम्स'चं जम्बो २३ बाय २३चं, म्हणजे ५२९ घरं, दुपटीहून जास्त. मराठीत १५ बाय १५ हेच मोठं धरा. आपले शब्द अक्षरांत मोजले की आखूड भरतात, तीन-चार घरांत संपतात. शिवाय जुळवायला अक्षरंही कठीण, त्याबद्दल पुढच्या प्रश्नात सांगते.

मराठीत एका घरात काय लिहायचं? काना-मात्रा धरायची का? जोडाक्षराचं काय?

एका घरात एक पूर्ण अक्षर, काना-मात्रा-वेलांटीसकट. जोडाक्षर एकाच घरात. म्हणून 'रस्ता' दोन घरांचा: र, स्ता. 'जागेवरून न हलता गावाला जातो (२)' असं सूत्र आलं तर हेच उत्तर. अनुस्वार अक्षराला चिकटलेलाच राहतो. 'अं' आणि 'अ' ही दोन वेगळी अक्षरं. ऱ्हस्व-दीर्घ पाळायचं.

याचा परिणाम फार मोठा आहे. इंग्रजीत एका घरात २६ शक्यता असतात. आपल्याकडे अख्खी बाराखडी आणि वर जोडाक्षरं, म्हणजे शेकड्यांनी शक्यता. आडव्या शब्दाने उभ्या शब्दाला 'ळू' दिला, तर सोडवणाऱ्याला लॉटरीच लागली. मात्र कोडं रचणाऱ्याला त्याच 'ळू'साठी रात्र घालवावी लागते. मराठी कोड्यात काळी घरं जास्त दिसली तर रचणाऱ्याला आळशी ठरवू नका.

काही रचनाकार काना-मात्रा सोडून नुसती व्यंजनं जुळवतात. मग 'नवरा' आणि 'वानर' एकमेकांत फिरवता येतात, लग्नसमारंभात हे खपतंही. मला ती सूट पटत नाही. मराठी माणूस 'वा' हे एक अक्षर म्हणून वाचतो, कोड्यानेही तसंच वाचावं.

मराठीत हे खरंच जमतं का? इंग्रजीचं अनुकरण वाटतं.

साचा इंग्रजीतून आला हे खरं. पण अक्षरांशी खेळणं आपल्याला कुणी शिकवलेलं नाही. मोरोपंतांनी प, फ, ब, भ, म हे ओठांचे वर्ण टाळून निरोष्ठ रामायण रचलं. संतांच्या कूट अभंगांत वरचा अर्थ एक आणि आतला दुसराच असतो. उखाण्यात नाव गुंफून घेणारी आपली आजी कसरतच करत होती.

आणि काही सूत्रं मराठीतच होऊ शकतात. माझं आवडतं सूत्र दोनच शब्दांचं आहे: 'थोडं म्हातारपण (२)'. उत्तर जरा. 'जरा थांब' मधला जरा आणि 'जरा-मरण' मधला जरा. दोन्ही म्हणून बघा, ज वेगळा लागतो. पहिला दातांशी, दुसरा टाळूला. देवनागरी हा फरक दाखवतच नाही, आणि सूत्र नेमकं त्या आडोशाला लपलं आहे.

सूत्रांचे प्रकार किती? खूण कशी ओळखायची?

प्रकार सात-आठच आहेत, पण एका सूत्रात दोन-तीन एकत्र येऊ शकतात. खूण म्हणजे कोणती कसरत करायची ते सांगणारा शब्द.

सगळ्यात सोपा प्रकार लपलेल्या शब्दाचा, कारण उत्तर डोळ्यांसमोर छापलेलं असतं. 'माता रागावली, पोटात चांदणी (२)'. मा-ता-रा-गा-व-ली या अक्षरांच्या पोटात तारा. खूण 'पोटात', व्याख्या 'चांदणी'. आत, पोटी, मधून, काही अंशी, थोडासा असे शब्द दिसले की आधी इथे बघा.

उलटापालट: 'हजर होताच गडबड, हे तर विष! (३)'. हजरची अक्षरं विस्कटली की जहर. गडबड, गोंधळ, मोडतोड, नाच, दारू प्यायलेला, विस्कटलेला, नव्याने मांडलेला, काहीही खूण असू शकतं. मराठीत लांब उलटापालटी दुर्मिळ आहेत, कारण काना-मात्रा हलत नाही. पाच अक्षरी सापडली तर रचणाऱ्याला मनातून नमस्कार करावा.

उलट वाचन: 'जनावर उलटलं, झाली तळहाताची वाटी (२)'. खेडेगावात रात्री सापाचं नाव घेत नाहीत, 'जनावर निघालं' म्हणतात. साप उलटा वाचा: पसा. शहरात वाढलेल्या आमच्यातल्या एकाला हे अजिबात सुटलं नव्हतं. तो बैल, म्हैस, गाढव सगळं उलटवून बसला होता.

जोडणी हा मला सगळ्यात मराठी वाटणारा प्रकार. 'चौथा हिस्सा मेव्हण्याला, तेव्हा छत्री काढायचे दिवस (४)'. चौथा हिस्सा म्हणजे पाव, मेव्हणा म्हणजे साळा: पावसाळा. वरवर वाचताना वाटणीपत्र दिसतं, आणि हातात येतो जून महिना. किंवा 'परक्याचा नमुना उचलायला मुभा (५)': पर आणि वानगी, परवानगी. चांगल्या जोडणीत शब्द जिथे कधीच तुटत नाही तिथे तोडलेला असतो. याउलट 'राजकारण' हा शब्द राज आणि कारण असा तोडून दिला तर त्यात काही मजा नाही, तो मुळातच तसा जोडलेला आहे.

पोटात घालणं: एका शब्दात दुसरा शिरतो. त्याचं उदाहरण पुढे सविस्तर येणार आहे, म्हणून इथे थांबते.

छाटणी: 'नाक तुटलेलं विमान, तरी आदर (२)'. पहिलं अक्षर गेलं, उरला मान. डोकं, मुकुट, नाक, तोंड गेलं की पहिलं अक्षर. शेपूट, पाय, टोक गेलं की शेवटचं. काळीज गेलं की मधलं.

ऐकीव: 'ऐकला तर दिवस, दिसायला दुबळा (२)'. दिन आणि दीन बोलताना सारखेच लागतात. उत्तर दीन. ऱ्हस्व-दीर्घाच्या ज्या नियमांनी शाळेत गुण घालवले, तेच इथे उपयोगी पडतात.

दुहेरी अर्थ वर दोनदा येऊन गेला. आणखी एक देते, कारण तो सुंदर आहे: 'आंब्याचं झाड, साखर कारखान्यांची चळवळ (४)'. सहकार. संस्कृत काव्यात सहकार म्हणजे आम्रवृक्ष, हे ज्यांना माहीत होतं त्यांच्या चेहऱ्यावर त्या दिवशी वेगळंच तेज होतं.

व्याख्या आणि कसरत एकच असलेलं सूत्र असतं का?

असतं, आणि या कलेतली सगळ्यात अवघड गोष्ट तीच. अख्खं सूत्र कसरतही असतं आणि अख्खं सूत्र व्याख्याही. आमच्याकडे आलेल्यांपैकी एक असं: 'सुरुवातीला पाटलांचा ऊस सडवतो (३)'.

'सुरुवातीला' म्हणजे पुढच्या शब्दांची पहिली अक्षरं घ्या. पाटलांचा, ऊस, सडवतो: पा, ऊ, स. आणि शेतात पाणी साचवून पाटलांचा ऊस कोण सडवतो? तोच. एकही शब्द फुकट गेलेला नाही, काढायला नाही आणि घालायलाही नाही. असं सूत्र वर्षाकाठी दोन-तीनदा भेटलं तरी पुष्कळ.

मोठं कोडं समोर आलं. सुरुवात कुठून करू?

पहिल्या सूत्रापासून सुरुवात करून तिथेच अडून बसू नका. आडवी सगळी, मग उभी सगळी, अशी एकदा झरझर वाचून काढा. पहिल्या फेरीत पन्नासातली चार सुटली तरी पाया पडला म्हणायचं. लपलेल्या शब्दांची सूत्रं याच फेरीत हाती लागतात.

मग सुटलेल्या शब्दांच्या आजूबाजूलाच फिरा. मोठ्या चौकटीत सगळीकडे एकेक शब्द पेरण्यापेक्षा एक कोपरा धरून त्याला वाढवत नेणं बरं. लांब शब्द दोन कोपऱ्यांना जोडतात, त्यामुळे एक कोपरा भरला की शेजारच्या कोपऱ्यात जाणारा सात-आठ घरांचा शब्द शोधा. तो पूल सापडला की अर्धी चौकट उघडते.

व्याकरणाकडे लक्ष द्या. व्याख्या अनेकवचनी असेल तर उत्तरही अनेकवचनी, क्रियापद भूतकाळी असेल तर उत्तराच्या शेवटी ला, ली, ले येण्याचा संभव. 'करणारा' म्हटलं तर शेवटी कार, गार, दार, करी करून बघा. ही अक्षरं चौकटीत फिकी लिहून ठेवली तर उभ्या शब्दांना आधार मिळतो.

मोठ्या कोड्यात पुष्कळदा एखादा विषय लपलेला असतो: किल्ले, भाज्या, नद्या. तीन उत्तरांत तुम्हाला राजगड, तोरणा, प्रतापगड दिसू लागले तर चौथा किल्ला शोधायला सूत्राचीही गरज उरत नाही. तरीही सूत्र वाचाच.

पेन की पेन्सिल?

पेन्सिल. पुढच्या उत्तरातून कारण कळेल.

उत्तर बसतंय, पण कसरत लागत नाही. लिहून टाकू का?

नको. इथे मी एक प्रसंग सविस्तर सांगते, कारण या पानावरचं माझं सगळं म्हणणं त्यात आहे.

एका स्नेह्यांनी रचलेलं १५ बाय १५चं कोडं होतं. खालच्या डाव्या कोपऱ्यात एक आडवं सूत्र: 'दाजीपूरचा दांडगा लहानाच्या पोटात शिरला, मिळालं दाराचं लाकूड (४)'. पहिलं घर उभ्या शब्दाने आधीच भरलं होतं: सा. मी 'दाजी' हा शब्द पाहिला आणि डोक्यात घट्ट बसवला. दाजी म्हणजे बहिणीचा नवरा, दाजींचं गाव म्हणजे बहिणीचं सासर, तर दाजीपूरचा म्हणजे सासरचा. चार अक्षरं, सुरुवात सा. मी पेनाने 'सासरचा' लिहिलं. लहानाच्या पोटाचं काय, लाकडाचं काय, हे नंतर बघू म्हटलं.

तिसऱ्या घरातल्या 'र'वरून एक उभा शब्द खाली जात होता. त्याचं सूत्र होतं: 'शाब्बास! पाठोपाठ फौज, किनाऱ्याला धोका (३)'. मी दोन संध्याकाळी 'र'ने सुरू होणारा किनाऱ्याचा धोका शोधत बसले. सापडणार कुठून? तो शब्द वादळ होता: शाब्बासला आपण 'वा!' म्हणतो, फौज म्हणजे दळ. माझाच 'र' माझ्या वाटेत उभा होता.

तिसऱ्या दिवशी आत्या आल्या. त्यांचं माहेर राधानगरीकडचं. मी सूत्र मोठ्याने वाचलं आणि 'दाजीपूरचा दांडगा' ऐकताच त्या म्हणाल्या, 'गवाच की गं, दुसरं कोण असणार!' कोल्हापूर जिल्ह्यातलं दाजीपूरचं अभयारण्य गव्यांसाठीच प्रसिद्ध आहे, आणि मी घरातल्या नात्यांत अडकले होते. लहान म्हणजे सान. सानच्या पोटात गवा शिरला: सा-गवा-न. दाराचं लाकूड, सागवान. तिसऱ्या घरात 'वा' आला आणि वादळ आपोआप सुटलं.

तेव्हापासून आमच्याकडे रिवाज आहे. सूत्रातल्या प्रत्येक शब्दाचं काम सांगता आलं नाही तर उत्तर पेन्सिलीने, आणि बाजूला टिंब. कोडं भरून झालं तरी टिंबं शिल्लक असतील तर ते सुटलेलं नाही.

फोड लिहायची कशी?

वाचणाऱ्याला सूत्र परत शोधावं लागू नये म्हणून आधी सूत्र जसंच्या तसं उतरवा. मग उत्तर, मग व्याख्या कोणती ते, मग अक्षरं कुठून आली, खूण कोणती आणि उरलेल्या शब्दांचा उपयोग काय. सागवानची फोड आमच्या वहीत अशी आहे: 'सागवान. व्याख्या "दाराचं लाकूड". सान (लहान) या शब्दात गवा (दाजीपूरचा दांडगा, तिथल्या अभयारण्यावरून). खूण "पोटात शिरला". "मिळालं" हा नुसता सांधा.'

बाहेरची माहिती लागत असेल तर ती एका वाक्यात द्या. दाजीपूर माहीत नसलेला वाचक अमरावतीत असतो, अमेरिकेत असतो. त्याला 'गवा' इतकंच सांगून भागत नाही. उलट ज्यात काही विशेष नाही त्या सूत्राची फोड एका ओळीत संपवा. पन्नास सूत्रांची फोड सारख्याच लांबीने लिहिली तर चांगली सूत्रं गर्दीत हरवतात.

आणि आवडलेलं सूत्र आवडलं असं लिहा. रचणाऱ्याने त्या एका ओळीवर आठवडा घालवलेला असतो आणि वाचणारा ती पाच मिनिटांत ओलांडून जातो. त्याचे कष्ट ओळखणारा माणूस बहुतेक वेळा फोड लिहिणाराच असतो.

'ओढूनताणून' आणि 'चुकीचं' यात फरक कसा करायचा?

हे सूत्र बघा: 'एक मळकट पिशवी, आत फूल (३)'. ए-क-म-ळ-क-ट यात कमळ लपलंय. बरोबर? आमच्यातले कडक नियमवाले म्हणतात, 'पिशवी' या शब्दातलं एकही अक्षर उत्तरात नाही, मग तो फुकटचा आहे. माझं मत निराळं आहे. लपवायची जागा म्हणून तिन्ही शब्द दिलेत, आणि पिशवीशिवाय 'मळकट'ला वाक्यात जागा नाही. पण त्यांचं म्हणणं चूक आहे असंही मी म्हणणार नाही; 'एक मळकट' एवढ्यावरच सूत्र उभं राहिलं असतं तर ते जास्त देखणं झालं असतं. फोडीत दोन्ही लिहावं.

चुकीचं म्हणजे जिथे व्याख्या उत्तराला लागूच होत नाही, अक्षरं कमी-जास्त पडतात, किंवा कंसातला आकडा चुकतो. एका दिवाळी अंकात पाच अक्षरी उत्तराला चार लिहिलं होतं आणि चौकटीत घरं मात्र पाच होती. आमची भाऊबीज त्यातच गेली. अशी चूक दिसली तर ती कुठे आहे ते नेमकं लिहायचं, रचणाऱ्याच्या हुशारीवर घसरायचं नाही.

दोन उत्तरं बसत असतील तर?

'वेल उलटा ठेका (२)'. 'उलटा' हे ठेक्याचं विशेषण धरलं तर ताल उलटा वाचायचा आणि उत्तर लता, म्हणजे वेल. 'उलटा' ही आज्ञा धरली तर वेलीला, लतेला उलटवा आणि उत्तर ताल, म्हणजे ठेका. दोन्ही वाचनं निर्दोष आहेत. अशा वेळी आडव्या-उभ्याचा सांधा निवाडा करतो, म्हणून कोऱ्या चौकटीत असं उत्तर भरू नका.

चांगला रचनाकार हे टाळतो. 'वेल मागे वळली, ठेका सापडला (२)' असं लिहिलं की वळली ती वेलच, आणि उत्तर ताल, वाद संपला.

शब्दकोश उघडणं ही लबाडी आहे का?

नाही. इंग्लंडात अवघड कोड्यांसोबत चेंबर्सचा शब्दकोश हाताशी ठेवतातच. 'लिसनर' या नावाने १९३०पासून चालत आलेल्या महाकठीण कोड्याचं तर त्यावाचून पानही हलत नाही. आपल्याकडे मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आहे, १८३१चा, १८५७मध्ये वाढवलेला. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे सात खंड १९३२ ते १९३८ या काळात निघाले. दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतात. 'वानगी' हा शब्द आज एकटा फारसा ऐकू येत नाही, पण कोशात तो जिवंत आहे.

एकच पथ्य पाळा: आधी अंदाज, मग कोश. अक्षरांची जागा भरून देणारी यंत्रं वापरली तर चौकट भरते, पण वर जो क्षण सांगितला, आत्यांनी 'गवाच की गं' म्हटलं तो, तो हातून जातो.

तासभर एकही शब्द पुढे सरकला नाही. सोडून देऊ?

त्या दिवसापुरतं द्या. भांडी घासताना, बसमध्ये, सकाळी दात घासताना सूत्र अचानक उलगडतं, कारण मधल्या वेळात डोक्यातला पहिला चुकीचा अर्थ सैल पडतो. परत बसलात की सूत्र नव्या जागी तोडून वाचा. विरामचिन्हांवर विश्वास ठेवू नका. स्वल्पविराम पुष्कळदा दिशाभूल करायलाच ठेवलेला असतो. आणि सूत्र मोठ्याने दुसऱ्याला वाचून दाखवा, शक्यतो दुसऱ्या गावच्या, दुसऱ्या वयाच्या माणसाला.

मुलांना कधी शिकवावं?

जोडाक्षरं वाचता येऊ लागली की. माझी भाची आठ वर्षांची आहे. तिला मी उलटसुलट सारखे शब्द शोधायला दिले: कडक, सरस, नयन. दोन दिवसांनी ती स्वतःच 'नवजीवन' घेऊन आली. मग आम्ही दोघींनी मिळून त्याचं सूत्र केलं: 'पुढून वाचा, मागून वाचा, पुन्हा नवी सुरुवात (५)'. तिचं नाव पुढच्या चौकटीखाली रचनाकार म्हणून लिहायचं ठरलंय, आणि 'ळू' कुठे वापरता येईल ते ती सध्या शोधते आहे.